शोधनिबंधावर विश्वास ठेवायचा तो कशाच्या जोरावर?

२२ मे २०२० रोजी 'द लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय जर्नलमध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. सहा खंडांतली ६७१ रुग्णालयं, ९६,०३२ कोविड रुग्ण, आणि निष्कर्ष असा की क्लोरोक्विन किंवा हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही मलेरियावरची औषधं दिलेल्या रुग्णांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त होतं, हृदयाचे ठोके बिघडण्याचे प्रकारही जास्त होते. तीनच दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या मोठ्या चाचणीतला हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा भाग थांबवला. त्या दिवसांत आयसीएमआरच्या सल्ल्याने आपल्याकडचे कितीतरी डॉक्टर आणि नर्स खबरदारी म्हणून हीच गोळी घेत होते. तिकडे छापलेल्या निबंधाचा धसका इथल्या कोविड वॉर्डांपर्यंत पोहोचला तो असा.

मग ऑस्ट्रेलियातल्या पत्रकारांनी एक साधा आकडा ताडून पाहिला. निबंधानुसार २१ एप्रिलपर्यंत तिथल्या पाच रुग्णालयांत ७३ मृत्यू झाले होते. साऱ्या देशाचा आकडा त्या तारखेला ६७ होता. पाच रुग्णालयांत देशाहून जास्त माणसं दगावली कशी? आशियातलं एक रुग्णालय चुकून ऑस्ट्रेलियात धरलं गेलं, असा खुलासा आला. २८ मे रोजी शंभराहून जास्त शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून मूळ नोंदींबद्दल प्रश्न विचारले. त्या नोंदी होत्या सर्जिस्फिअर नावाच्या एका छोट्या अमेरिकी कंपनीकडे, आणि कंपनीचे प्रमुख हे निबंधाच्या चार लेखकांपैकी एक. त्रयस्थ तपासनिसांना पूर्ण माहिती द्यायला कंपनीने नकार दिला. ४ जूनला उरलेल्या तिघा लेखकांनी निबंध मागे घेतला. याच कंपनीच्या नोंदींवर बेतलेला आणखी एक निबंध 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मधूनही त्याच दिवशी मागे घेतला गेला.

दुसऱ्याच दिवशी, ५ जूनला, ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' या मोठ्या चाचणीने जाहीर केलं की रुग्णालयात दाखल असलेल्या कोविड रुग्णांना हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा काही फायदा होत नाही. म्हणजे औषध काही चमत्कार करणार नव्हतंच. तरीही तो निबंध मागे घेणंच योग्य होतं. निष्कर्ष पुढेमागे खरा निघेल की खोटा, यावर निबंधाचा प्रामाणिकपणा ठरत नाही. सांगितलेल्या वाटेने दुसरा कोणी गेला तर त्याला ती वाट सापडायला हवी, यावर तो ठरतो. जर्नलच्या नीतिनियमांचं सगळं जंजाळ या एका अपेक्षेभोवती उभं आहे. लेखक, समीक्षक आणि संपादक ही तीन माणसं ती अपेक्षा सांभाळतात, आणि तिघांपैकी प्रत्येकाकडून ती कशी मोडते हे पाहिलं की नियम आपोआप कळत जातात.

आधी प्रक्रिया थोडक्यात. संशोधक निबंध लिहून जर्नलकडे पाठवतो. संपादक तो वाचून, पुढे नेण्यासारखा वाटला तर त्याच विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे देतो. याला पीअर रिव्ह्यू म्हणतात. हे समीक्षक बहुधा एक पैसाही न घेता निबंध तपासतात, शंका काढतात, सुधारणा सुचवतात किंवा नाकारायला सांगतात. लेखक दुरुस्त्या करतो, कधी दोन-तीन फेऱ्या होतात, मग छपाई. ही पद्धत फार प्राचीन आहे असा एक समज आहे. लंडनला हेन्री ओल्डेनबर्ग यांनी 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' सुरू केलं ते १६६५ मध्ये, पण बाहेरच्या तज्ज्ञांकडून प्रत्येक निबंध तपासून घेण्याची सक्ती विसाव्या शतकातली. 'नेचर'सारख्या जर्नलनेही ती १९७३ मध्ये लागू केली.

समीक्षकापुढे वाढलेलं ताट येतं, स्वयंपाकघर त्याला दिसत नाही. तर्क कच्चा आहे का, पद्धत चुकली आहे का, आधीचं काम वगळलं आहे का, हे तो पकडतो. लेखकाने आकडे घरी बसून रचले असतील तर ते पकडणं त्याच्या हातात जवळजवळ नसतं. सर्जिस्फिअरचा निबंधही रीतसर पीअर रिव्ह्यू होऊनच छापला गेला होता. म्हणून मला लेखकाची जबाबदारी सगळ्यांत मोठी वाटते, आणि त्यातही निबंधावर नाव घालण्याची.

हा मुद्दा आपल्याकडे फार दुखरा आहे. विभागप्रमुखांचं नाव टाकावंच लागतं, गाईडचं नाव तर विचारायचंच नाही, शेजारच्या कॉलेजातल्या मित्राचं नाव आपण घालायचं आणि त्याने आपलं घालायचं. स्थाननिश्चितीच्या, म्हणजे पदोन्नतीच्या वेळी दोघांच्याही फायली जाड होतात. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांची जी आंतरराष्ट्रीय समिती आहे, आयसीएमजेई, तिने लेखक कोणाला म्हणावं यासाठी चार अटी घातल्या आहेत आणि चारही पूर्ण व्हाव्या लागतात. संशोधनाच्या कल्पनेत, आखणीत, माहिती गोळा करण्यात किंवा तिचा अर्थ लावण्यात भरीव वाटा हवा. मसुदा लिहिण्यात किंवा त्यात महत्त्वाचे बदल करण्यात सहभाग हवा. छापायच्या शेवटच्या प्रतीला संमती हवी. आणि उद्या त्या निबंधाबद्दल प्रश्न उभा राहिला तर उत्तर द्यायची तयारी हवी. प्रयोगशाळा वापरू दिली, निधी मिळवून दिला, एवढ्यावर माणूस लेखक होत नाही. त्याचे आभार मानावेत, नाव शेवटच्या परिच्छेदात यावं. चॅटजीपीटीसारख्या साधनांना लेखक म्हणता येणार नाही असं २०२३ मध्ये स्पष्ट झालं, तेही या चौथ्या अटीमुळे. यंत्र उत्तरदायी होऊ शकत नाही. यंत्राची मदत घेतली असेल तर तसं निबंधात सांगायचं, आणि चुकांची जबाबदारी माणसाने घ्यायची.

चौथी अट कशासाठी, हे समजायला चंदीगडचं उदाहरण पुरेसं आहे. पंजाब विद्यापीठातले भूशास्त्रज्ञ विश्वजित गुप्ता यांनी सुमारे २५ वर्षं हिमालयातल्या जीवाश्मांवर शेकडो निबंध छापले. एप्रिल १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मॅक्वारी विद्यापीठाचे जॉन टॅलेंट यांनी 'नेचर'मध्ये लिहिलं की यातले कितीतरी नमुने हिमालयातले नाहीतच. काही अमोनॉइड, म्हणजे शंखासारख्या कवचाच्या प्राचीन सागरी जीवांचे जीवाश्म, मोरोक्कोत सापडणाऱ्या आणि जगभर विकल्या जाणाऱ्या नमुन्यांशी जुळत होते, तर काही सूक्ष्म जीवाश्म न्यूयॉर्क राज्यातल्या एका ओढ्याकाठच्या खडकांतले दिसत होते. गुप्तांनी आरोप फेटाळले, पण विद्यापीठाच्या चौकशीत ते दोषी ठरले. मला यात सगळ्यांत अस्वस्थ करते ती सहलेखकांची गोष्ट. देशोदेशीच्या नामांकित तज्ज्ञांनी गुप्तांबरोबर निबंध लिहिले होते. नमुना गुप्ता द्यायचे, तो कुठे सापडला हेही तेच सांगायचे. जीवाश्माचं वर्णन तज्ज्ञ प्रामाणिकपणे करायचे, पण त्या जागी स्वतः जाऊन खडक पाहिलेला फार क्वचित कोणी. नाव मात्र निबंधावर असायचं, आणि त्या नावांच्या वजनामुळे हिमालयाच्या भूशास्त्रात चुकीच्या नोंदी वर्षानुवर्षं साचत गेल्या. नंतर आलेल्या संशोधकांना कुठली नोंद धरायची आणि कुठली टाकायची हे एकेक करून ठरवत बसावं लागलं. सर्जिस्फिअर प्रकरणानंतर 'लॅन्सेट'ने नियम बदलला, तोही याच जातीचा आहे. मूळ माहिती एकापेक्षा जास्त लेखकांनी स्वतः पाहून पडताळल्याचं लिहून द्यावं लागतं.

वाङ्मयचौर्याबद्दल त्या मानाने पुष्कळ बोललं जातं, पण चुकीच्या दिशेने. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत आधी छापलेल्या मजकुराशी १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही, त्यापुढे १० ते ४०, ४० ते ६० आणि ६० च्या वर अशा पायऱ्या आणि शिक्षा आहेत. यावरून विद्यार्थ्यांत समज पसरला की १० टक्के उचलायला परवानगी आहे. हे साम्य मोजणारं सॉफ्टवेअर फक्त शब्द जुळतात का ते पाहतं. दुसऱ्याची कल्पना स्वतःच्या शब्दांत, नाव न घेता मांडली तर रिपोर्ट शून्य टक्के येईल आणि चोरी मात्र शंभर टक्के असेल. उलट पद्धतीचं वर्णन सगळीकडे सारखंच असतं म्हणून एखाद्या प्रामाणिक प्रबंधाचा आकडा वाढतो आणि तो विद्यार्थी घाबरून वाक्यं मोडतोड करत बसतो. टक्केवारी खाली आणायला समानार्थी शब्द टाकणारी सॉफ्टवेअर वापरली की काय होतं, ते २०२१ मध्ये फ्रान्समधले संगणकशास्त्रज्ञ गिओम काबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उघड केलं. छापून आलेल्या निबंधांत 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'च्या जागी 'काउंटरफिट कॉन्शसनेस' आणि 'ब्रेस्ट कॅन्सर'च्या जागी 'बूझम पेरिल' असले शब्द त्यांना सापडले. लेखकाने, समीक्षकाने, संपादकाने, कोणीच ते निबंध वाचले नव्हते, याचा याहून मोठा पुरावा नको. चित्रांचीही तीच गत. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ एलिझाबेथ बिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४० जर्नलांमधले २०,६२१ जीववैद्यकीय निबंध डोळ्यांनी तपासले, तेव्हा ३.८ टक्के निबंधांत तेच चित्र पुन्हा वापरल्याचे किंवा फिरवून, कापून लावल्याचे संशयास्पद प्रकार दिसले.

समीक्षकाची नीती थोडक्यात सांगता येते. हातातला निबंध गुप्त ठेवायचा, त्यातली कल्पना उचलायची नाही, प्रतिस्पर्ध्याचा निबंध मुद्दाम लोंबकळत ठेवायचा नाही, लेखकाशी नातं, वैर किंवा भागीदारी असेल तर आधीच सांगून बाजूला व्हायचं. आता यात आणखी एक भर पडली आहे. दुसऱ्याचा अप्रसिद्ध निबंध एआयच्या खिडकीत चिकटवून त्याच्याकडून अभिप्राय लिहून घेणं हा गुप्ततेचा भंग आहे. गैरप्रकाराची मोठी दारं मात्र वेगळीकडेच उघडतात. अनेक जर्नलं लेखकालाच समीक्षकांची नावं सुचवायला सांगतात. दक्षिण कोरियातल्या एका संशोधकाने नावं सुचवली, पण सोबतचे ईमेल पत्ते असे दिले की पत्र फिरून त्याच्याकडेच किंवा त्याच्या माणसांकडे यावं. अभिप्राय चोवीस तासांत यायचे. एवढ्या तत्परतेनेच संपादकाला संशय आला, आणि २०१२ मध्ये प्रकरण बाहेर पडलं. पुढे हे घाऊक धंद्यात गेलं. पैसे घेऊन निबंध लिहून देणाऱ्या टोळ्यांनी, ज्यांना पेपर मिल म्हणतात, जर्नलांचे विशेषांकच हाताशी धरले. विशेषांकाचा पाहुणा संपादक आपला, समीक्षकही आपलेच. २०२३ या एका वर्षात वायली या प्रकाशनसंस्थेला आपल्या हिंदावी शाखेचे ८,००० हून जास्त निबंध मागे घ्यावे लागले.

संपादकाचं काम चूक कळल्यावर सुरू होतं, असं म्हटलं तरी चालेल. १९९७ मध्ये ब्रिटनमधल्या काही वैद्यकीय संपादकांनी एकत्र येऊन प्रकाशनाची नीती पाहणारी 'कोप' ही समिती काढली. कुठली तक्रार आली तर पहिलं पत्र कोणाला लिहायचं, लेखकाने उत्तर दिलं नाही तर त्याच्या संस्थेला कधी कळवायचं, दुरुस्ती कधी छापायची आणि निबंध कधी मागे घ्यायचा, याचे टप्पे तिने आखून दिले आहेत. मागे घेतलेला निबंध पुसून टाकत नाहीत. तो जागेवरच राहतो, प्रत्येक पानावर तशी खूण करतात आणि सोबत कारण देतात. प्रामाणिक चूक लक्षात आल्यावर स्वतः पुढे येऊन निबंध मागे घेणारे संशोधकही असतात, आणि त्यांना चोरांच्या रांगेत उभं करू नये असं मला मनापासून वाटतं.

उशिराची किंमत किती असते हे 'लॅन्सेट'मधल्याच दुसऱ्या निबंधाने दाखवलं. फेब्रुवारी १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड यांनी अवघ्या १२ मुलांवरच्या निबंधातून गोवर-गालगुंड-रुबेला लशीचा संबंध स्वमग्नतेशी सुचवला. लसउत्पादकांवर खटला भरू पाहणाऱ्या वकिलाकडून त्यांना पैसे मिळत होते, हे त्यांनी जर्नलला सांगितलं नव्हतं. पत्रकार ब्रायन डीअर यांनी २००४ मध्ये ते उजेडात आणलं आणि दहा सहलेखकांनी त्या निष्कर्षातून अंग काढून घेतलं. पूर्ण निबंध मागे घेतला गेला तो फेब्रुवारी २०१० मध्ये. सर्जिस्फिअरला १३ दिवस लागले, इथे १२ वर्षं. मधल्या काळात ब्रिटनमध्ये लस घेणारी मुलं कमी झाली आणि गोवर परत आला. हितसंबंध जाहीर करा, हा नियम किरकोळ कागदपत्रासारखा वाटतो, पण त्याच्यामागे ती आजारी पडलेली मुलं आहेत.

आता बोगस जर्नलांकडे येऊ. इथे आपला संबंध अगदी थेट आहे. लेखकाकडून पैसे घेऊन निबंध सर्वांना मोफत खुला ठेवणारी कितीतरी जर्नलं सचोटीची आहेत. त्यामुळे फी घेतली म्हणजे बोगस, असं नाही. फी घ्यायची आणि तपासणी करायचीच नाही, हा बोगसपणा. २०१३ मध्ये पत्रकार जॉन बोहॅनन यांनी 'सायन्स' या जर्नलसाठी याची परीक्षा घेतली. दगडफुलातला रेणू कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखतो, असा एक बनावट निबंध त्यांनी अस्तित्वात नसलेल्या संस्थेतल्या अस्तित्वात नसलेल्या लेखकाच्या नावाने ३०४ जर्नलांना पाठवला. डोस वाढेल तसा परिणाम वाढतो असं मजकूर म्हणत होता, आणि आलेखात मात्र प्रत्येक डोसला परिणाम सारखाच दिसत होता. शाळेतल्या मुलालाही दिसावी अशी चूक. १५७ जर्नलांनी तो स्वीकारला. स्वीकारणाऱ्यांत भारतातली जर्नलं मोठ्या संख्येने होती. हैदराबादच्या ओमिक्स या प्रकाशनसमूहाला तर मार्च २०१९ मध्ये अमेरिकी न्यायालयाने लेखकांची दिशाभूल केल्याबद्दल ५ कोटी डॉलरहून जास्त रक्कम भरायला सांगितली.

हे पीक आपल्या जमिनीत का वाढलं, त्याचं कारण लपलेलं नाही. पदोन्नतीला निबंधांची संख्या मोजायची, प्रबंध जमा करण्याआधी निबंध छापलेला असणं सक्तीचं करायचं, आणि तालुक्याच्या कॉलेजात आठवड्याचे सगळे तास वर्गात जाणाऱ्या, प्रयोगशाळा नि ग्रंथालय धड नसलेल्या शिक्षकालाही तोच मापदंड लावायचा. तो शिक्षक चार हजारांत दोन दिवसांत छापून देणाऱ्याकडे जातो. दोष त्याचा आहे, पण एकट्याचा नाही. यूजीसीने २०१७ मध्ये मान्यताप्राप्त जर्नलांची यादी काढली, आणि विद्यापीठांनी शिफारस केलेली नावं त्यात घुसली. पुण्यातल्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातून भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी त्यातली १,००९ जर्नलं तपासली, तर ८८ टक्क्यांहून जास्त कमी दर्जाची असावीत असं दिसलं. कित्येकांच्या संकेतस्थळावर धड पत्ता नव्हता, संपादकांची खरी माहिती नव्हती. २०१८ च्या मे महिन्यात यूजीसीने ४,३०५ जर्नलं यादीतून काढली, आणि मग तिच्या जागी केअर नावाची नवी यादी आली, तिचं काम पुण्याच्या याच विद्यापीठातून चालायचं. बोगस मंडळींनी यादीतल्या चांगल्या जर्नलांच्या नावाने हुबेहूब खोटी संकेतस्थळं उघडली. पीएच.डी.ला संशोधन आणि प्रकाशन नीतीचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम सक्तीचा झाला, आणि २०२२ च्या नियमांनी प्रबंधाआधीच्या निबंधाची सक्ती काढली. माझ्या मते हा सगळ्यांत उपयोगी पडलेला निर्णय आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत केअर यादीही बंद झाली. जर्नल पारखायची जबाबदारी आता विद्यापीठांवर आणि आपल्यावर आहे.

त्यामुळे 'ग्रीटिंग्ज ऑफ द डे' म्हणत येणारी ती ईमेल जरा जवळून वाचा. तुमचा विषय मराठी साहित्य आणि बोलावणं अभियांत्रिकी, व्यवस्थापन, योग सगळं छापणाऱ्या 'इंटरनॅशनल' जर्नलचं. ४८ तासांत स्वीकृती, कारण समीक्षा होणारच नसते. ठळक अक्षरांत आयएसएसएन, जो फक्त नोंदणी क्रमांक आहे आणि दर्जाबद्दल काहीही सांगत नाही. कुठल्याशा भलत्याच संस्थेचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलमधल्या निबंधांचा सरासरी किती वेळा संदर्भ घेतला जातो तो आकडा. खरा फक्त क्लॅरिव्हेट या कंपनीच्या वार्षिक अहवालात असतो. संपादक मंडळातल्या एखाद्या प्राध्यापकांना त्यांच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर लिहून विचारा, कित्येकदा त्यांना आपलं नाव तिथे आहे हेच माहीत नसतं. संदर्भ घ्यायचा निबंध मागे घेतलेला नाही ना, हे 'रिट्रॅक्शन वॉच'च्या यादीत पाहा. ती सर्वांना मोफत खुली आहे.

आणि अशा जर्नलला निबंध आधीच पाठवून बसलात तर? मागे घ्यायला म्हणून हे लोक पुन्हा पैसे मागतात, आणि न विचारता छापून टाकतात. एकदा छापला की तोच निबंध चांगल्या जर्नलला देता येत नाही, दोनदा प्रकाशन केल्याचा ठपका येतो. अशा वेळी स्वामित्वहक्काच्या फॉर्मवर सही करू नका, पैसे भरू नका. निबंध मागे घेत असल्याचं तारीख घालून ईमेलने कळवा, त्याची प्रत गाईडला आणि विद्यापीठाच्या संशोधन विभागाला द्या. तरीही छापलाच, तर नव्या जर्नलच्या संपादकाला निबंध पाठवतानाच हा सगळा पत्रव्यवहार जोडा आणि घडलं ते जसंच्या तसं लिहा. लपवलेलं नंतर सापडलं तर उत्तर देता येत नाही, आधी सांगितलेलं समजून घेणारे संपादक भेटतात.